झुबारा: रिकामं गाव रिकामं कसं झालं?

कतारमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा, "इथे जुनं, बघण्यासारखं काय आहे?" बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: झुबारा. दोह्याच्या वायव्येला सुमारे १०० किलोमीटरवर, उघड्या माळावर उभा असलेला एक चौकोनी किल्ला. तीन बुरूज गोल, एक चौकोनी. लोक जातात, फोटो काढतात, परत येतात. पण जुनं गाव हे नव्हे. ते पुढे समुद्राच्या कडेला, वाळूखाली आहे. किल्ला बांधलाय १९३८ साली. म्हणजे तो मुंबईतल्या मरीन ड्राइव्हच्या कित्येक इमारतींच्या वयाचा.

इथे एक साधा प्रश्न पडायला हवा. गाव जर कधीच ओस पडलं होतं, तर १९३८ मध्ये त्याच्या उशाशी किल्ला बांधायची गरज कुणाला आणि का वाटली? झुबाराबद्दलचे दोन सर्वांत वजनदार मजकूर या प्रश्नाच्या कडेने निघून जातात, असं माझं म्हणणं आहे. एक मजकूर युनेस्कोचा, दुसरा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा.

युनेस्कोने झुबाराला २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं. कतारचं हे पहिलंच स्थळ. त्यांनी सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी: १८व्या शतकात कुवेतहून आलेल्या व्यापाऱ्यांनी हे बंदर वसवलं, मोती आणि समुद्री व्यापारावर ते वाढलं, १८११ मध्ये उद्ध्वस्त झालं आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीला लोक ते सोडून गेले. नंतर वाळवंटातली वाळू उडत आली आणि तिने वाडे, मशिदी, अंगणांची घरं, कोळ्यांच्या झोपड्या जपून ठेवल्या. तटबंदीच्या आतलं गाव सुमारे ६० हेक्टरचं, आणि त्यातला थोडाच भाग खणून झालाय. कोपनहेगन विद्यापीठ आणि कतारच्या संग्रहालय खात्याने २००९ पासून इथे केलेलं काम खरोखर चांगलं आहे. तक्रार त्या कामाबद्दल नाही.

तक्रार गोष्टीच्या शेवटाबद्दल आहे. "सोडून गेले" हे क्रियापद फार सोयीचं आहे. त्यात कुणी घालवलं, कुठे गेले, परत आले का, हे काहीच सांगावं लागत नाही. शिवाय या गोष्टीत ओसाडपणा हाच गुण ठरतो. नंतर कुणी वर बांधलं नाही, म्हणून अवशेष शाबूत राहिले. वाळूने जपलं हे खरंच. पण वाळूला जपायला मिळावं म्हणून आधी माणसं हलावी लागतात, आणि ती हलण्यामागे राजकारण होतं.

ते राजकारण दुसऱ्या मजकुरात सापडतं. झुबारा वसवणाऱ्यांमध्ये अल खलिफा घराणं होतं. १७८३ मध्ये त्यांनी बहरीन घेतलं आणि पुढे तिकडचेच झाले, पण झुबारावरचा हक्क त्यांनी सोडला नाही. गावाच्या परिसरात नईम जमातीची माणसं राहत. त्यांच्यातल्या काही शाखा बहरीनच्या शेखाला मानत. कतारच्या अल थानी घराण्याला ते मान्य नव्हतं. १८७८ मध्ये शेख जासिमने झुबारावर हल्ला केला. १९३५ मध्ये कतारने तेलाचा करार केला आणि जमिनीच्या मालकीला नवी किंमत आली. १९३७ मध्ये शेख अब्दुल्ला बिन जासिम आणि नईम यांच्यात करावरून आणि निष्ठेवरून लढाई झाली. नईम हरले. बरीच कुटुंबं बहरीनला गेली. बहरीनने कतारशी व्यापार बंद केला. आणि पुढच्याच वर्षी किल्ला उभा राहिला.

आपण ज्याच्यासमोर फोटो काढतो तो किल्ला त्या लढाईनंतरचा पहारा आहे. १९८०च्या दशकापर्यंत तिथे पहारेकरी होतेच.

कतार आणि बहरीनचा हा वाद शेवटी हेगला गेला. १६ मार्च २००१ च्या निकालात झुबारा एकमताने कतारला मिळालं, हवार बेटं बहरीनला. नईम लोकांनी बहरीनच्या वतीने तिथे सत्ता गाजवली, असं पुराव्यातून दिसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आणि १९३७ ची कारवाई म्हणजे कतारच्या शेखाने स्वतःच्या प्रदेशात वापरलेला अधिकार, बहरीनविरुद्धचा बेकायदा बळाचा वापर नव्हे, असंही ठरवलं.

कायद्याच्या दृष्टीने हे पटण्यासारखं आहे. पण वाचताना लक्षात येतं की अख्ख्या खटल्यात नईम हे पुरावा म्हणूनच येतात. बहरीनने जुन्या रहिवाशांचे जबाब दाखल केले, कारण त्यातून "हे आमचे" सिद्ध करायचं होतं. कतारलाही तेवढंच हवं होतं, उलट दिशेने. विहीर कुणाची, गुरं कुठे चरायची, कुठलं कुटुंब कुठल्या होडीतून गेलं, हे कुणाच्याच कामाचं नव्हतं. कागदाची भूक मात्र इतकी, की कतारने दाखल केलेली ८२ कागदपत्रं बनावट असल्याचा आक्षेप बहरीनने घेतला आणि कतारने त्यांच्यावर विसंबणं सोडून दिलं.

आता दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. युनेस्को म्हणतं, २०व्या शतकाच्या सुरुवातीला गाव ओस पडलं. न्यायालय म्हणतं, १९३७ मध्ये झुबारात लढाई झाली. मग लढलं कोण? नईम काही दगडी वाड्यात बारमाही राहणारे नव्हते. ते हंगामाप्रमाणे हलत, जनावरं चारत, समुद्रावर जात. पुरातत्त्वाला भिंत लागते, न्यायालयाला सत्ता लागते. ऋतूनुसार येऊन-जाऊन राहणं दोघांच्याही मापात बसत नाही, म्हणून ती माणसं दोन्हीकडून निसटतात.

अशी गावं इतरत्रही आहेत. पूर्व प्रशियातलं ट्राकेहनेन घोड्यांच्या पैदाशीसाठी १७३२ पासून प्रसिद्ध होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन तिथून पळाले, प्रदेश सोव्हिएत झाला, आणि आज रशियाच्या नकाशावर त्या गावाचं नाव यास्नाया पोल्याना आहे. पण त्या भागातून गेलेल्या जर्मनांनी आपापल्या गावांची पुस्तकं काढली: घरांच्या याद्या, गल्ल्यांचे नकाशे, शाळेचे फोटो. ही पुस्तकं निर्दोष नाहीत. नाझी काळाबद्दल त्यातली कित्येक गप्प असतात. तरी गेलेल्यांनी स्वतः काहीतरी लिहिलं. झुबारातून गेलेल्यांचं म्हणणं आपल्याला मुख्यतः वकिलांच्या फायलीत भेटतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. बेळगाव सीमाभागातल्या ८६५ गावांचा दावा आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यात गाव म्हणजे भाषेची टक्केवारी, आयोगाचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयातली तारीख. त्या गावात बाजार कुठल्या वारी भरतो, सोयरीक कुठे होते, हे दाव्याच्या बाहेर राहतं. दावा खरा असला तरी गाव त्यात मावत नाही.

झुबाराच्या बाबतीत आपला आणखी एक धागा आहे. आखातातला ब्रिटिश रेसिडेंट आधी मुंबई सरकारला आणि नंतर भारत सरकारला जबाबदार असे. लॉरिमरचं आखाताचं गॅझेटियर कलकत्त्याला छापलं गेलं. त्याच्या १९०८ च्या भूगोलखंडात गावोगावची घरं, होड्या, जनावरं मोजलेली आहेत. त्या काळच्या फायली आता कतार डिजिटल लायब्ररीवर कुणालाही फुकट वाचता येतात. हे साहेबांचं दप्तर आहे, ते साहेबांच्या नजरेनेच वाचावं लागतं. पण वाळूने जे जपलेलं नाही, त्याचा थोडा माग तिथे लागतो.

मग करायचं काय? १९३७ बद्दल किल्ल्यापाशी ठळक लिहावं. विजेता कोण हे सांगायला नव्हे, ते निकालाने सांगून झालंय. कोण होते, कुठे गेले, एवढंच. मालकीचा प्रश्न २००१ मध्ये मिटला, त्यामुळे आता हे लिहिल्याने कुणाचा दावा कमजोर होत नाही. उशीर मात्र होतोय. १९३७ मध्ये जी मुलं होती ती आज नव्वदीच्या वर असतील, आणि त्यांच्या आठवणी कुठल्याही वाळूत टिकणार नाहीत.