परसदारचा समुद्र

गुहागरच्या रस्त्यावरून समुद्र दिसत नाही. पहिल्यांदा आलेला सांगलीकर इथंच फसतो. खालचा पाट या वस्तीतून वरच्या पाटापर्यंत गाडी एकदा जाऊन येते, मग काच खाली करून कुणीतरी विचारतं, "बीच कुठं आहे हो?" ओटीवर सुपाऱ्या सोलत बसलेले आजोबा मान वर न करता सांगतात, "हा काय, वाडीमागे."

गाव लांबट, एका रस्त्याला धरून. पश्चिमेला घरं, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांमागे सुरूचं बन आणि मग वाळू. बहुतेक पर्यटनस्थळं समुद्राला दिवाणखान्यात मांडून ठेवतात. गुहागरनं त्याला परसात ठेवलाय, विहिरीच्या आणि गोठ्याच्या ओळीत. मला या गावाची गोडी लागली ती यामुळंच. दोन गडग्यांमधल्या बोळातून जाताना एका बाजूला शिंपण्याच्या पाटाचं पाणी खळखळत असतं आणि पुढून गाज येत असते. थोडा वेळ दोन्ही आवाज एकत्र चालतात. मग पाट मागं पडतो, पोफळींची गार सावली संपते, सुरूच्या सुयांवरून पाय घसरतो आणि डोळ्यांपुढं एकदम काहीच उरत नाही. नुसता उजेड.

ही गंमत पुरती कळायला घाटावरून यावं लागतं. विट्याच्या, जतच्या माणसाला 'गुहागर–विजापूर' हा रस्ता ठाऊक असतो तो कोरड्या बाजूनं: बाभळी, माळ, टँकर. पाटीवरचं 'गुहागर' हे नाव वर्षानुवर्षं वाचलेलं असतं, पण त्याला रूप नसतं. तोच रस्ता पश्चिमेला धरला की कराडपर्यंत ऊस, पाटणपासून डोंगर, कोयनानगरला थंडी, हेळवाकच्या पुढं कुंभार्ली. माथ्यावर स्वेटर, पायथ्याला पोफळी गावात पोचेतो घाम. हवा जड होते, माती तांबडी होते, कौलं उतरती होतात. तासाभरात हा सगळा पालट अंगावर घेतल्यावर समोर येणारा समुद्र आणि विमानतळावरून थेट गाठलेला समुद्र यांची चव एक असणार नाही. घाट ही त्या रसाची पहिली उकळी आहे. गाडीत झोपून घाट उतरणाऱ्यांची मला कीव येते.

आणि इथं आपण एकटेच उतरत नाही. महाबळेश्वरला उगवलेली कोयना हेळवाकपाशी पूर्वेकडं वळून कराडला कृष्णेला मिळते; तिथून पुढं सांगली, कर्नाटक, तेलंगण करत आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात. पण कोयना धरणातलं काही पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडतात. कृष्णा लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी मान्य केलं. पोफळीला वीज देऊन ते वाशिष्ठीत पडतं आणि दाभोळ-अंजनवेलच्या मुखाशी अरबी समुद्राला मिळतं, म्हणजे गुहागरच्या अगदी उशाशी. तिकडं महाबळेश्वरचीच सावित्री बाणकोटला उतरते, पलीकडं हरिहरेश्वर. साताऱ्याला किनारा नाही म्हणतात खरं, पण त्याच्या पाण्याला दोन समुद्र आहेत.

देशाच्या किनाऱ्यात तऱ्हा कमी नाहीत. ओडिशातल्या चांदीपूरला ओहोटीत समुद्र कित्येक किलोमीटर आत निघून जातो. केरळात वर्कलाला तांबड्या कड्याखाली वाळू सापडते. आपल्याकडंही तारकर्लीचं पाणी तळ दाखवतं, वेळणेश्वरचा किनारा चंद्रकोरीसारखा वळतो आणि आरे-वारेला चढावर गाडी थांबवली की दोन किनारे एकदम ओंजळीत येतात. ते देखणं आहे, पण फोटोत मावतं. हेदवीची बामणघळ मात्र मावत नाही. खडकातली अरुंद भेग, भरतीच्या वेळी लाट तिच्यात शिरते, कोंडते आणि कारंज्यासारखी उसळते. ती बघायची तर वेळ साधावी लागते. ओहोटीला गेलात तर फक्त भेग.

वेळेचं गणित एका घरी मुक्कामात काकूंनी शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं मागंपुढं होतं, पण चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीला भांग. "तुम्ही शनिवार-रविवार बघून येता, तिथी बघून या," असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी पौर्णिमा धरतो. सकाळी उधाणाची भरती बामणघळीत बघायची, आणि सूर्य बुडायच्या सुमाराला पाणी इतकं मागं गेलेलं असतं की ओल्या वाळूवर अख्खं आकाश पडतं. त्या वाळूत बारीक खेकडे बिळाबाहेरची वाळू चाळून तिच्या मोहरीएवढ्या गोळ्या भोवती मांडतात, मध्ये वाट सोडून, सगळ्या ओळी बिळाकडं वळलेल्या. ठिपक्यांची रांगोळीच, फक्त घालणारा तिरका पळतो. पुढची भरती ती पुसते.

याउलट एका किनाऱ्यावर (नाव नको) मी अशा हॉटेलात राहिलो आहे, जिथं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर निळ्या फरशीचा जलतरण तलाव होता आणि रात्री अकरापर्यंत स्पीकर. सगळे तलावात. गाज ऐकायला दिवे जाण्याची वाट बघावी लागली. वाळूवर जीप फिरवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. खेकड्यांची रांगोळी टायरखाली जाते, आणि ते बहुधा आपल्याच नंबरप्लेटचे असतात, एमएच-दहा नाहीतर अकरा.

पूर्वी आपल्याकडची माणसं इथं 'बीच'साठी येत नसत. वाई, सातारा, सांगलीतल्या कितीतरी घरांचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. अभिषेक, दुपारचं जेवण, आणि मग जाता जाता पाय भिजवायचे. सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांचे मूळपुरुष हरभट तर रत्नागिरीकडच्या कोतवड्याचे, म्हणजे गणपतीपुळ्याच्या टापूतलेच. ते घाट चढून वर आले, सांगलीत कृष्णाकाठी गणपती बसला, आणि आता सांगलीकर सुट्टी लागली की घाट उतरून पुळ्याच्या गणपतीला जातात. पुळ्याला देव डोंगराचाच असल्यानं प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालायची. निम्मी वाट समुद्र सोबत असतो. देवदर्शन कुठं संपलं आणि सहल कुठं सुरू झाली हे त्या वाटेवर सांगता येत नाही.

मागच्या खेपेला पौर्णिमाच होती. साताऱ्यात सूर्य यवतेश्वराच्या डोंगराआड जातो, म्हणजे बुडताना असा तो कधी दिसतच नाही. इथं शेवटची लाल कड पाण्यात विरघळेपर्यंत दिसली. पुतणीनं सांगलीहून आणलेली भडंगाची पुडी फोडली, एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. सादळलं होतं. तरी पुडी फिरत राहिली. मागं वळून पाहिलं तर सुरूच्या शेंड्यांवर चंद्र आला होता, आणि वाडीतून कुणीतरी हाका मारत होतं, मोदक गार होताहेत म्हणून.