टाकं की फुगवटा? ब्रेनस्टेमभोवतीच्या 'सिस्टर्न'बद्दल एक आक्षेप

अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकांत ब्रेनस्टेमभोवती रंगीत कप्पे दाखवतात. पुढे प्रीपॉन्टाइन, त्याच्या वर इंटरपेडन्क्युलर, बाजूंना सेरेबेलोपॉन्टाइन, मागे क्वाड्रिजेमिनल, खाली सिस्टर्ना मॅग्ना. नावं पाठ होतात आणि हे कप्पे स्वतंत्र आहेत असा समज पक्का होतो. माझा आक्षेप या समजाला आहे.

सिस्टर्न म्हणजे पाण्याचं टाकं. वेल्ह्यात राजगड-तोरण्यावर कातळात खोदलेली टाकी आहेत. प्रत्येकाला स्वतःच्या भिंती. मेंदूभोवतीचा प्रकार भोरजवळच्या भाटघर धरणाच्या फुगवट्याशी जास्त जुळतो. काठावरची गावं बदलतात, पाणी एकच. अ‍ॅरॅक्नॉइड आणि पाया मेटर या पडद्यांमधली जागा जिथे रुंदावते, तिथे आपण सिस्टर्न म्हणतो.

मग सीमा आल्या कुठून? बऱ्याच अंशी पद्धतीतून. अ‍ॅक्सल की आणि गुस्ताफ रेट्झियस यांनी १८७५-७६च्या ग्रंथात मृतदेहांत रंगीत द्रव भरून या जागा दाखवल्या. भर जोडणीवर पडला. लिलिएक्विस्टने १९५६मध्ये हवा भरून एक्स-रे काढले. हवा जिथे अडली तिथला पडदा आज त्याच्या नावाने ओळखतात. याशारगीलच्या 'मायक्रोन्यूरोसर्जरी'चा पहिला खंड (१९८४) सर्जनच्या मायक्रोस्कोपमधून लिहिलेला आहे. कुठल्या सिस्टर्नमध्ये कुठली धमनी, कुठली नर्व्ह, हे त्यात नेमकं कळतं. ऑपरेशनसाठी हा नकाशा उत्तमच. पण सर्जनच्या वाटेवरचे टप्पे आपण निसर्गाच्या भिंती म्हणून वाचतो, तिथे गडबड होते. पडदे खरे आहेत, पण ते जाळीसारखे: द्रव जातो, साकळलेलं रक्त अडू शकतं.

याने फरक काय पडतो? क्षयाच्या मेनिन्जायटिसमध्ये मेंदूच्या तळाच्या सिस्टर्नमध्ये घट्ट स्राव साचतो, धमन्या आणि नर्व्हज त्यात गुरफटतात, द्रवाची वाट अडून हायड्रोसेफॅलस होतो. एकेक टाकं डोक्यात ठेवून हा आजार समजणारच नाही.

प्रबंधात 'सिस्टर्नचं आकारमान मोजलं' असं लिहिणार असाल, तर आधी सांगा: रेघ कुठे मारली आणि का? नेहमीच्या एमआरआयमध्ये हे पडदे नीट दिसत नाहीत, म्हणजे ती रेघ बहुतेक वेळा तुमचीच असते. तिचा नियम सिनॉप्सिसमध्येच लिहा आणि दोन जणांकडून स्वतंत्रपणे मारून घ्या. दोन रेघा जुळल्या नाहीत, तर आकड्यावर चर्चा करण्यात अर्थ नाही.