‘निघालो’ म्हणजे नेमके काय?

मराठी माणूस फोनवर ‘निघालो’ म्हणतो तेव्हा तो बहुधा घरातच चपला शोधत असतो. ‘आलोच’ म्हणणारा अजून यायचा असतो आणि ‘येतो’ म्हणणारा जात असतो. यात आपले कधी अडत नाही. वेळ आणि बोलणाऱ्याचा स्वभाव पाहून ऐकणारा अर्थ भरून घेतो. हेच भरून घेणे जिवावर बेतलेले मला एका संहितेत दिसले. साहित्याचा विद्यार्थी सहसा तिच्याकडे वळत नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावरच्या लोस रोदेओस विमानतळावर जो अपघात झाला, त्यातल्या वैमानिकांची आणि नियंत्रकाची ध्वनिमुद्रित संभाषणे, ही ती संहिता.

धुके दाटले होते. केएलएमचे बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाला उड्डाणाच्या तयारीत होते आणि पॅन ॲमचे बोइंग ७४७ त्याच पट्टीवरून सावकाश पुढे येत होते. दोघांची टक्कर होऊन ५८३ माणसे गेली.

टकरीच्या काही सेकंद आधी केएलएमचा सहवैमानिक नियंत्रकाला इंग्रजीत म्हणतो, ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’. मुद्रण इतके अस्पष्ट आहे की काहींना तिथे ‘टेकिंग ऑफ’ ऐकू येते. नियंत्रकाने अर्थ घेतला, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. विमान मात्र निघालेले होते. स्टीव्हन कुशिंग यांच्या ‘फेटल वर्ड्स’ (१९९४) या पुस्तकात या ‘ॲट’चा उलगडा सहवैमानिकाच्या मातृभाषेतून केला आहे : चालू क्रिया सांगण्याची डच घडण इंग्रजीत उतरली. हे वाचन हुशारीचे आहे, पण मला अपुरे वाटते. ते एक अव्यय नीट पडले असते तर सारे निभावले असते, असा समज त्यातून होतो.

संहिता थोडी मागेपुढे वाचावी. नियंत्रकाने आधी उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता आणि त्यातच ‘टेकऑफ’ हा शब्द येऊन गेला होता. परवानगी मार्गाची होती, उड्डाणाची नव्हती. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादा जवळ येत होती. कॅप्टनला घाई होती. सहवैमानिकाच्या त्या वाक्यावर नियंत्रक म्हणाला, ‘ओके’. क्षणभराने त्याने सांगितले, थांबा, मी कळवतो. नेमक्या त्याच वेळी पॅन ॲमनेही आपण अजून पट्टीवरच असल्याचे सांगितले. दोन्ही आवाज एकाच लहरीवर एकमेकांवर पडले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टी वाजली. ‘ओके’ तेवढे स्वच्छ पोचले होते. आपल्या ‘बरं’सारखाच हा शब्द : ऐकले, कळले, चालेल, जा, यांपैकी ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे.

पण माझ्या मते या संहितेतली सर्वांत बोलकी जागा रेडिओवर नाहीच. विमान वेग घेत असताना फ्लाइट इंजिनिअर डचमध्ये विचारतो, तो पॅन ॲमवाला बाजूला झाला नाही का? कॅप्टन उत्तरतो, ‘यावेल’. इंग्रजी अनुवादात त्याचे ‘ओ येस’ झाले आहे. मूळ शब्द नकारार्थी प्रश्न खोडून काढण्यासाठी असतो. इंग्रजीत त्याला जोड नाही, मराठीत आहे : ‘झाला की!’ त्या ‘की’मध्ये ठसका आहे आणि पुन्हा विचारू नकोस ही सूचनाही आहे. कॅप्टन हा कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही. इथे परभाषेचा काही संबंध नव्हता.

आपल्या काव्यशास्त्रात सूर्यास्ताच्या एका साध्या विधानाचे उदाहरण देतात. ते गुराख्याला एक सुचवते, चोराला दुसरे, अभिसारिकेला तिसरे. काव्याला ही व्यंजना हवीच असते. वैमानिकी भाषेला नुसती अभिधा हवी असते. तेनेरिफनंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक झाला. एका शब्दाची व्यंजना छाटणारा हा नियम मला फार आवडतो. तो कोणाच्या उच्चारांना नावे ठेवत नाही.

नंतरचा उपाय इंग्रजीच्या पातळीची चाचणी हा. २००८ ही तिची मूळ मुदत होती. चाचणीला माझा विरोध नाही. दोष परकी इंग्रजी बोलणाऱ्यांचाच, हा जो निष्कर्ष तिच्या आडून काढला जातो, त्याला आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेले आव्हियांकाचे विमान खराब हवेमुळे तासाहून अधिक काळ घिरट्या घालत ठेवले गेले. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कॅप्टन स्पॅनिशमध्ये सहवैमानिकाला सांगतो, आपण आणीबाणीत आहोत हे त्यांना सांग. सहवैमानिक नियंत्रकाने दिलेली दिशा परत वाचून दाखवतो आणि शेवटी जोडतो की पुन्हा प्रयत्न करू, इंधन संपत आले आहे. कॅप्टन विचारतो, सांगितलेस का? तो म्हणतो, हो सर, सांगितले. तो खोटे बोलत नव्हता. इंधन संपत आल्याचे सांगितले की आणीबाणी कळवली, असेच कोणालाही वाटेल. पण पहिले वर्णन आहे, दुसरी कृती. ‘इमर्जन्सी’ उच्चारताच नियंत्रकावर बंधन येते. वर्णनाने येत नाही.

इंधनाच्या अशा अवस्थांसाठी दोन्ही बाजूंना समजतील असे ठरीव शब्दच नव्हते, हेही अमेरिकी चौकशी मंडळाने एक कारण म्हणून नोंदवले आहे. नोंद शेवटाकडे येते आणि चर्चेत क्वचितच येते.

नियंत्रकाने नंतर विचारले होते, हा मार्ग तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? सहवैमानिक म्हणाला, ‘आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.’ विमान लाँग आयलंडवर कोसळले, १५८ पैकी ७३ जण गेले. मी हे वाक्य अनेकदा वाचले आहे. त्यात इंग्रजीची एकही चूक मला सापडत नाही.