रिकामी गव्हाण

नाताळचा गोठा पाहायला गेलो की माझी नजर आधी गव्हाणीवर जाते. मारिया, योसेफ, मेंढपाळ आपापल्या जागी असतात आणि मधोमध नुसतं मूठभर गवत. बऱ्याच ठिकाणी 24 डिसेंबरच्या रात्रीच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपर्यंत, बाळ येशूची मूर्ती तिथे ठेवत नाहीत. गोठ्याची खरी गोडी मला या वाट पाहण्यात वाटते.

1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस असिसीकरांनी जो गोठा मांडला, त्यातही बाळाची मूर्ती नव्हती. जोव्हान्नी नावाच्या स्नेह्याला सांगून त्यांनी गव्हाण करवून घेतली, गवत आणवलं, जिवंत बैल आणि गाढव उभं केलं. बस्स, एवढंच. त्या गव्हाणीवर मिस्सा झाली आणि फ्रान्सिसनी शुभवर्तमान गाऊन प्रवचन केलं. त्यांचे पहिले चरित्रकार, चेलानोचे थॉमस, सांगतात की 'बेथलेहेम' म्हणताना त्यांचा आवाज मेंढीच्या बें-बेंसारखा निघत होता. जमलेल्यांपैकी एकाला तर गव्हाणीत निजलेलं बाळ दिसलं आणि फ्रान्सिस त्याला जागं करताहेत असंही दिसलं.

मिस्सा गव्हाणीवरच का, हे समजायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. गव्हाण म्हणजे गुरांचं ताट. गाईच्या मानेने घासून घासून तिची कड गुळगुळीत झालेली असते, तळाशी कडब्याचा चुरा असतो. लूकच्या शुभवर्तमानात मारिया बाळाला बाळंत्यात गुंडाळून अशाच जागी ठेवते. म्हणजे जिथे खाणं ठेवायचं, तिथे मूल ठेवलं. हिब्रूत बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. मिस्सेत ख्रिस्त भाकरीच्या रूपाने येतो अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. ग्रेच्चोला त्या रात्री पाळणा, ताट आणि वेदी एकाच जागी आली. इतक्या थोड्या सामानात इतका अर्थ मावलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

बैल आणि गाढव लूकमध्ये नाहीतच. ते आले जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातून: बैल धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, माणसं मात्र ओळखत नाहीत. म्हणून ती दोन जनावरं शोभेची नव्हेत. गोठ्यात सोनं, ऊद, गंधरस घेऊन येणारे मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, हेही लूकचे नव्हेत, मत्तयाच्या शुभवर्तमानातले. त्यांची संख्या मत्तय सांगत नाही. भेटी तीन, म्हणून मागीही तीन झाले.

असिसीच्या वरच्या बॅसिलिकेत जोत्तो या चित्रकाराच्या नावावर असलेलं ग्रेच्चोचं भित्तिचित्र आहे. चित्रकाराने हा प्रसंग चर्चच्या आत नेला आहे. फ्रान्सिस गुडघे टेकून बाळ उचलताहेत, मागे गाणाऱ्यांची तोंडं उघडी आहेत, दारात बायका दाटून उभ्या आहेत. आणि वर क्रूस, पण पाठमोरा. दिसतात त्या मागच्या लाकडी पट्ट्या. क्रूसावरचा ख्रिस्त आपल्याला दिसत नाही, दारापलीकडच्या लोकांना दिसतो. जन्माच्या चित्रात मरण असं पाठ करून उभं आहे. मला हे चित्र फार मोठं वाटतं.

आपल्याकडे गोव्यात नाताळच्या आधी नाचणी पेरून तिचे कोवळे अंकुर गोठ्यात मांडतात. गव्हाणीपाशी धान्य उगवतं, हे ग्रेच्चोशी किती जुळतं!

या वर्षी 24 डिसेंबरच्या संध्याकाळी एखादा गोठा पाहून या, आणि मिस्सा झाल्यावर तोच पुन्हा पाहा.