भूक घालवणारी सुई आणि आपली ऊनोदरी

जोहान हारी या ब्रिटिश पत्रकाराचं 'मॅजिक पिल' हे पुस्तक 2024 साली निघालं. नावात गोळी असली तरी विषय आठवड्यातून एकदा पोटावर टोचून घ्यायच्या इंजेक्शनचा आहे. ओझेम्पिक, वेगोव्ही ही नावं आता आपल्या बायकांच्याही तोंडी आहेत. मौंजारो मार्च 2025 मध्ये आणि वेगोव्ही जून 2025 मध्ये भारतात आलं. तेव्हापासून बेळगावात कुणी दोन महिन्यांत बारीक झालेली दिसली, की लग्नाच्या पंगतीत कुजबुज सुरू होते, "सुई घेते म्हणे." म्हणून हे पुस्तक आपण वाचायला हवं असं मला वाटतं. ते पूर्ण पटलं म्हणून नव्हे.

हारीने ते औषध वर्षभर स्वतः घेतलं. वजन उतरलं, पण मळमळ झाली, आणि मनातही काही काही झालं. तब्येतीसाठी घेतो असं म्हणत असताना चांगलं दिसण्याचा मोह किती होता, हेही त्याने लपवलेलं नाही. या माणसाबद्दल एक गोष्ट मात्र वाचणाऱ्याला ठाऊक असावी. 2011 साली दुसऱ्यांचं लेखन आपलं म्हणून वापरल्याच्या प्रकरणात त्याला ऑर्वेल पुरस्कार परत करावा लागला होता. या पुस्तकातही एका खाद्यसमीक्षकाच्या नावावर त्याने भलताच अनुभव घातला, आणि तो समीक्षक जाहीरपणे बोलल्यावर माफी मागितली. म्हणून अनुभव त्याचा मानावा आणि आकडे दुसरीकडे ताडून बघावेत, असं मी ठरवलं.

आकडे तसे ठाम आहेत. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1961 लोक होते. 68 आठवड्यांनी औषधवाल्यांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं, नुसती पाण्याची सुई घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. आहार कमी करणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम ही शिकवण दोन्ही गटांना होती, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. औषध थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. आणि हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या 17,604 जाड माणसांवरच्या 2023 च्या अभ्यासात झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण 20 टक्क्यांनी घटलं. एवढं असताना याला श्रीमंतांची हौस म्हणून झटकून टाकता येत नाही.

पुस्तकातला मला सर्वांत खरा वाटलेला भाग वेगळाच आहे. मनावर ताण आला की हारी तळलेल्या कोंबडीच्या दुकानात जायचा. औषध चालू असताना एकदा तसाच गेला, आणि खाववेना. पुढ्यात अन्न आहे, भूक नाही, आणि ज्या दुःखासाठी खायचं ते तसंच समोर बसलेलं. आपण इतकी वर्षं पोटासाठी खात नव्हतो, हे त्याला तिथे कळलं. कोंबडीचा भाग सोडून द्या. पण सगळ्यांची जेवणं उरकल्यावर ओट्याशी उभ्या उभ्या पातेल्यातला भात संपवणारी बाई कशासाठी खाते? भूक म्हणून नव्हे. अन्न टाकलं तर जीवहिंसा होते, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं, आणि नातवाच्या ताटातली अर्धी पोळी टाकवत नाही. टाकलेलं अन्न आणि नको असताना पोटात घातलेलं अन्न, यांत वाचवलेलं कुठलं, हा प्रश्न आपल्या प्रवचनांत मी अजून ऐकलेला नाही.

जपानवरचं प्रकरण वाचताना मी थांबून थांबून वाचलं. पोट ऐंशी टक्के भरलं की हात थांबवायचा, हे तिथे मुलांना शिकवतात. आपल्या घरात हे वाचल्यावर कुणीही लगेच म्हणेल, "ही तर आपली ऊनोदरी!" खरंच आहे. सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येतं. पुरुषाचा पूर्ण आहार 32 घास, स्त्रीचा 28, त्याहून कमी खाणं म्हणजे ऊनोदरी. (ते चार घास कुणी आणि का कमी केले, हा वेगळा लेख होईल.) पण "आपल्या धर्मात सगळं आधीच होतं" असं म्हणून मोबाईलवर फुलं पाठवणाऱ्यांशी माझं जमत नाही. होतं ना, मग आपल्यातच घरटी एक मधुमेही का? सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून सहा वाजता घाईघाईने पोटभर जेवणं, आणि एकाशनाला दिवसभराचं एकाच बैठकीत भरून काढणं, याला मी तरी ऊनोदरी म्हणणार नाही.

दुसऱ्या टोकाला सुईला पाप म्हणणाऱ्या आहेत. आमच्या महिला मंडळाच्या यात्रेच्या बसमध्ये एका वहिनींनी डब्यातली एकच पोळी खाल्ली. मागून कुणीतरी म्हणालं, "अक्का, यांना आता तप करायला नको, डॉक्टरच करून देतात." सगळ्या हसल्या, वहिनीही हसल्या. त्यांची साखर बारा वर्षं जुनी आहे आणि गुडघे गेलेले आहेत. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाईला कुणी म्हणतं का, की तू शांती विकत घेतलीस? भूक समोर उभी असताना हात आवरणं म्हणजे तप. भूकच औषधाने कमी झाली तर त्यात तपही नाही आणि फसवणूकही नाही, तो इलाज आहे. तपाचं पुण्य वहिनींनी मागितलेलंच नव्हतं.

हे औषध पालीच्या विषापासून बनतं का, असंही मला दोघींनी विचारलं. गिला मॉन्स्टर नावाच्या मोठ्या सरड्याच्या विषात सापडलेल्या घटकावरून या जातीचं पहिलं औषध सुचलं आणि 2005 साली बाजारात आलं. ओझेम्पिक आणि वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड यीस्टच्या मदतीने बनवतात, मौंजारोतलं औषध रासायनिक पद्धतीने. प्राण्यांवरच्या चाचण्या मात्र आपण घेतो त्या बहुतेक गोळ्यांच्याही मागे आहेत.

हारीचं पुस्तक कमी पडतं ते स्वयंपाकघरात. कारखान्यांत बनलेल्या अन्नाने आपली भूक बिघडवली, आणि आता दुसरे कारखाने त्यावर औषध विकतात, हा त्याचा मुख्य मुद्दा. चीजकेक आणि बेकनची चटक लागलेल्या उंदरांना नंतर साधं खाणं नकोसं झालं, तो प्रयोग त्याने फार रंगवून सांगितला आहे. पण तो डब्यातलं नि खोक्यातलं खाणारा माणूस. आपल्याकडे मैदा आणि साखर घरीच, मायेने, साजूक तुपात शिजते. ऊटा आतेन्री, असं विचारत दारात आलेल्याला कुंद्याची वाटी हातात मिळते. ती नाकारली तर नातं दुखावतं. या जाडीचं काय करायचं, हे पुस्तकाला माहीत नाही. आणि आपली पाकिटंही आहेतच. 'जैन' असा शिक्का असलेल्या चिवड्यात कांदा, लसूण, बटाटा नसतो हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. मागे छापलेलं पाम तेल, मीठ आणि साखर किती, ते कोण वाचतं?

सुई घेणाऱ्या शाकाहारी बाईसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. दोन घासांवर पोट भरायला लागलं तर त्या दोन घासांत काय असेल, हाच खरा प्रश्न. भात आणि लोणचं खाऊन चालणार नाही. मूग, मसूर, दही, पनीर, शेंगदाणे आधी आणि पोळी नंतर, आणि थोडं वजन उचलण्याचा व्यायाम, हे डॉक्टरांकडून स्वतः विचारून घ्यायला हवं. शेजारणीच्या चिठ्ठीवर सुई आणू नका. पित्ताशयात खडे होणं, स्वादुपिंडाला सूज येणं असे त्रास थोड्यांना होतात, पण होतात. थायरॉइडच्या एका जातीचा कर्करोग घरात कुणाला झाला असेल तर ती घ्यायचीच नसते.

पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून यात्रेच्या परतीच्या वाटेवर मी वहिनींना जपानचं प्रकरण तोंडी सांगितलं. शाळेतच ताजा स्वयंपाक होतो, आहारतज्ज्ञ ठेवलेली असते, मुलं आवडीने भाजी खातात, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिथं रांधतं कोण?" उत्तर पुस्तकातच होतं. पगारी स्वयंपाकी.