सर्व्हरचे आभासीकरण आणि ऊर्जाबचत : एक चिकित्सा

एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालविण्याचे तंत्र नवे नाही. आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवर ते १९७२ मध्ये व्हीएम/३७० या प्रणालीद्वारे उपलब्ध झाले होते. उद्योगसमूहांनी मात्र ऊर्जाबचतीचा उपाय म्हणून ते २००० नंतर स्वीकारले. या दाव्यास आधार निश्चितच आहे. गूगलमधील अभियंते बारोसो व होल्त्झले यांनी २००७ मध्ये दाखविले की, सर्व्हर बहुतांश वेळ क्षमतेच्या १० ते ५० टक्केच राबतात. जवळजवळ रिकामा असलेला कार्यक्षम सर्व्हरदेखील कमाल विजेच्या सुमारे निम्मी वीज घेत असे. अशा अल्पभारित दहा यंत्रांचे काम दोन यंत्रांवर आणता आले, तर बचत उघड आहे.

तथापि ही बचत आभासीकरणाने नव्हे, तर उरलेली आठ यंत्रे बंद केल्याने होते. नवा आभासी सर्व्हर काही मिनिटांत, कोणत्याही यंत्रखरेदीविना निर्माण होतो. त्यामुळे त्यांची संख्या वाढत जाते, विस्मरणात गेलेले सर्व्हर चालूच राहतात आणि मोकळी झालेली क्षमता पुन्हा व्यापली जाते. कार्यक्षमतेमुळे वापर घटण्याऐवजी वाढतो, हे जेव्हन्स यांनी कोळशाबाबत १८६५ मध्येच मांडले होते. म्हणून बचतीचा निकष आभासी सर्व्हरांची संख्या नसून वीजमीटरवरील नोंद हाच असावयास हवा.