थांबण्याचा अधिकार

कलावंताने मंच सोडणे या घटनेकडे मराठी समीक्षेने बहुधा भावनेच्याच पातळीवर पाहिले आहे. 'सूर निमाला', 'मैफल सरली' अशा मथळ्याखाली चार हळवे परिच्छेद लिहिले की समीक्षकाचे कर्तव्य संपते. परंतु प्रकृती साथ देत नाही म्हणून गाणे थांबवायचे, हा निर्णय कोणाला घेता येतो आणि कोणाला घेता येत नाही, हा प्रश्न आमच्या संगीतसमीक्षेने क्वचितच विचारला. हा प्रश्न समाजशास्त्राचा, कलेचा नव्हे, असे म्हणून तो बाजूला सारण्याचीही सोय आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. थांबता येणे किंवा न येणे यातून गाण्याची घडण ठरते, गळ्याचे आयुष्य ठरते आणि कोणाचे नाव मागे उरते हेही ठरते. म्हणून हा समीक्षेचाच प्रश्न आहे.

यासाठी प्रथम एक सर्वमान्य उदाहरण घेऊ. कुमार गंधर्व यांचा जन्म १९२४ चा, बेळगाव जिल्ह्यातला. लहान वयातच ते गाऊ लागले आणि पुढे मुंबईला बी. आर. देवधर यांच्याकडे शिकले. विशी ओलांडताना त्यांचे नाव देशभर झालेले होते. अशा ऐन भरात, १९४७ च्या सुमारास, त्यांना क्षयाने गाठले. गाणे बंद करा, असे डॉक्टरांनी सांगितले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ मध्ये ते माळव्यातल्या देवासला गेले आणि पुढची चार-पाच वर्षे त्यांचे जाहीर गाणे थांबले. १९५२-५३ च्या सुमारास ते परतले तेव्हा फुप्फुसाची हानी कायमची झालेली होती. लांब दमाच्या तानेऐवजी छोट्या, तुटक वाटणाऱ्या पण आतून जोडलेल्या स्वरवाक्यांचे एक वेगळे गाणे त्यांनी उभे केले होते.

या गाण्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आणि त्यातले काही चांगलेही आहे. त्यातल्या विरामांची चर्चा झाली, अकस्मात तारसप्तकात झेपावण्याची झाली, श्वास मोजून वापरण्याचीही झाली. म्हणजे गायकाचे शरीर आणि गाण्याचे रूप यांचा संबंध असतो, आजार हा शैलीचा एक घटक होऊ शकतो, हे तत्त्व आमच्या समीक्षकांना मान्य आहे. एवढे एक कलम आपण पदरात पाडून घेऊ. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

परंतु त्या चार-पाच वर्षांविषयी लिहिताना समीक्षेची भाषा एकदम बदलते. 'मौन', 'साधना', 'तपश्चर्या' असे शब्द येतात. हे मौन कोणाच्या श्रमावर उभे होते, याचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकला जातो. पत्नी भानुमतीबाई देवासला शाळेत नोकरी करीत होत्या आणि घर चालत होते. स्नेही आणि चाहते पाठीशी होते. स्ट्रेप्टोमायसिन हे त्या वेळी नव्याने निघालेले, महाग आणि सहजी न मिळणारे औषध उपलब्ध झाले. या तीन आधारांतला एक जरी नसता, तरी त्या मौनाला साधना म्हणायला कोणी उरले नसते. कुमारांचे मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. अंथरुणावर पडलेल्या माणसाने रस्त्यावरून जाणारी गाणी ऐकावीत, त्यांत रागांची बीजे शोधावीत आणि त्यातून नवे राग बांधावेत, ही गोष्ट सामान्य नव्हे. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ त्या शोधाची साक्ष आहे. प्रश्न कुमारांविषयी नाही, त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांविषयी आहे. त्या खिडकीबाहेरून निर्गुणी भजने गात जाणारे जे जोगी आणि बाया होत्या, त्यांच्या छातीत काय होते? क्षय हा तर दाटीच्या, अंधाऱ्या, अर्धपोटी वस्त्यांत मुक्कामाला असणारा रोग. खिडकीच्या आतला गायक खोकला म्हणून थांबू शकला. बाहेरचा गायक खोकत खोकत पुढच्या दारात गेला. आतल्याचा इतिहास झाला आणि बाहेरच्याच्या वाट्याला 'माळवी लोकधुन' एवढे एकच नाव आले.

आता दुसरे उदाहरण आपल्या मुलखाच्या जवळचे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५ चा. आजोबांपासून घरात तमाशाचा फड. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडातून त्या पुढे आल्या. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपतिपदके मिळाली. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा इस्पितळाचे बिल देणगीदारांच्या पैशांतून भागवावे लागले. त्यांच्याविषयीची एक हकीकत महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत-गात होत्या, कळा आल्या, त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभे राहायला निघाल्या. हे कळल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला लावला, असे सांगतात.

ही हकीकत सांगताना आमच्या लेखण्यांना भरते येते. 'केवढी ही कलानिष्ठा!' असे उद्गार निघतात. मला या उद्गाराचीच चिकित्सा करायची आहे. कुमार थांबले ती साधना आणि विठाबाई थांबल्या नाहीत ती निष्ठा. म्हणजे दोन्हीकडे गौरवच आहे, मग तक्रार कसली, असे कोणी विचारील. तक्रार अशी की पहिल्या गौरवात शरीराची कदर आहे आणि दुसऱ्या गौरवात शरीराची किंमत शून्य धरलेली आहे. बाळंतिणीने उभे राहावे लागणे ही त्या फडाच्या अर्थकारणाची शोकांतिका आहे. तिला निष्ठेचे नाव दिले की ज्यांनी सुपारी दिली, ज्यांनी तिकीट काढले, ज्या शासनाने पदक दिले पण पगारी रजा नावाची गोष्ट या धंद्यात येऊ दिली नाही, ते सगळे एका दमात सुटतात. शिवाय मांगाच्या बाईला दुखतच नाही, तिचे शरीर काटकच असते, हा जुना जातीय समजही त्या कौतुकात लपून राहतो. शेवटी खेळ थांबवायला लावण्याचे शहाणपण त्या रात्रीच्या प्रेक्षकांना सुचले. पुढे ती गोष्ट लिहिणाऱ्यांना ते सुचले नाही.

इथे आणखी एक बाजू मांडली पाहिजे, नाहीतर आपणही सोपे उत्तर देऊन मोकळे होऊ. फड ही विठाबाईंची केवळ लाचारी नव्हती. गावकुसाबाहेरच्या जातीत जन्मलेल्या बाईला हजारो माणसे तिकीट काढून पाहायला येतात, तिच्या नावाने तंबू भरतो, ही मानाचीही जागा होती. मंच सोडणे म्हणजे भाकरीबरोबर हा मानही सोडणे. म्हणूनच असा कलावंत थांबायला धजत नाही. सन्मानाने थांबण्याची वाट नसेल, तर न थांबणे हाच एक सन्मान उरतो.

आता गळ्याकडे वळू. ढोलकी, हलगी, कडे आणि झांज यांच्या कल्लोळावर मात करून उघड्या मैदानात शब्द पोहोचवायचा म्हणजे वरच्या पट्टीत, ताणून गावे लागते. रात्रभर जागरण, धूळ, गॅसबत्तीचा नाहीतर जनरेटरचा धूर आणि पहाटे ट्रकवर सामानात बसून पुढचे गाव. दसऱ्याला नारळ फुटला की वैशाखापर्यंत हेच. आमच्या खानदेशात सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, धुळ्याला चैत्रात एकवीरादेवीची, अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची. यात्रेचे पंचांग हेच फडाचे पंचांग. अशा ताणाने स्वरतंतूंवर गाठी येतात, आवाज घोगरा होतो, फुटतो. या दुखण्याचा पहिला उपाय जगभर एकच सांगितला जातो, गळ्याला विश्रांती. ज्याची मजुरी गळ्यावर आहे, त्याला हे औषध उपासाच्या रूपात घ्यावे लागते.

माझे एक मामा फडात झीलकरी होते. मुख्य गाणाऱ्याच्या मागे उभे राहून वरचा सूर धरून ठेवायचा, हे त्यांचे काम. आवाज बसला तेव्हा दोन महिने बोलूही नका, असे डॉक्टरने सांगितले. मामांनी हंगामापूर्वीच मालकाकडून उचल घेतलेली, ती कधीच घरात खर्च झालेली. ते आम्हांला म्हणाले, "गळा बठना तं पोटबी बठी." अहिराणीतले हे एक वाक्य मला मौनावरच्या अनेक ललित निबंधांपेक्षा मोलाचे वाटते. मामा गात राहिले आणि तीन हंगामांत आवाज कायमचा गेला. पुढे ते त्याच फडाच्या तंबूच्या खुंट्या ठोकीत होते.

आता मघाचे कलम आठवावे. कुमारांच्या तुटक स्वरवाक्यांत आजाराने घडवलेली शैली ऐकू येते, तर फडातल्या गाणाऱ्याच्या फाटक्या, खरखरीत आवाजात तिच्या धंद्याने घडवलेली शैली का ऐकू येऊ नये? तिथे मात्र 'रांगडा', 'असंस्कृत', 'अस्सल मातीतला' अशी विशेषणे येतात. जणू तो आवाज मातीतून तसाच उगवला! तो हजारो रात्रींच्या कामाने तसा झाला. मानदंड दोन ठिकाणी दोन असतील, तर तो मानदंड नव्हे, पक्षपात आहे.

हे सारे केवळ जातीच्या एका रेघेने सुटते, असे मात्र मी म्हणणार नाही. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. लहानपणी जळगावातच मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले होते. हाच नटसम्राट उत्तरायुष्यात पायांनी लुळा झाला, रंगभूमी सुटली आणि बसल्या जागी भजने गाऊन दिवस काढण्याची वेळ आली. १९६४ मध्ये पद्मभूषण आले, १९६७ मध्ये अंत झाला. म्हणजे मराठी समाजाने आपल्या सर्वांत लाडक्या गायकालाही निश्चिंतपणे थांबू दिले नाही. फरक आहे तो नंतरचा. बालगंधर्वांचे हाल ही साऱ्या महाराष्ट्राची खंत झाली, त्यावर ग्रंथ निघाले, नाट्यगृहांना नावे मिळाली. झीलकऱ्याचे हाल हे त्याच्या घरापुरते राहिले.

आणि आता थोडे आपल्या अंगणाकडे. दोष केवळ प्रस्थापितांचा काढायचा आणि आपण नामानिराळे राहायचे, ही चळवळीची भाषा नव्हे. आंबेडकरी जलशांनी खेड्यापाड्यांत बाबासाहेबांचा विचार नेला, तो गळ्याच्या जोरावर. धुळ्याजवळ लळिंगला लांडोर बंगल्यावर बाबासाहेब १९३७ मध्ये येऊन गेले. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसे जमतात, गाणी होतात. चौदा एप्रिलच्या आसपास तर एकेका गायकाला एका रात्रीत दोन-दोन, तीन-तीन वस्त्यांत उभे करतो आपण. त्याच्या गळ्याची चौकशी कोण करतो? "दादा, आणखी एक होऊ द्या," हीच आपली दाद. लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावर कोसळले आणि गेले. वय ७९. त्या मृत्यूविषयी आपण अभिमानाने बोलतो आणि त्यांच्या निष्ठेपुढे मान झुकते हे खरेच. परंतु मंचावर मरणे हाच शाहिराचा आदर्श शेवट, असे आपण पुढच्या पिढीला शिकवणार असू, तर विठाबाईंच्या बाळंतपणाचे कौतुक करणाऱ्यांत आणि आपल्यात काय अंतर राहिले? ज्या बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून कामाचे तास आठांवर आणले आणि खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या सवलतीचा विचार केला, त्यांच्याच गाण्यांच्या कार्यक्रमात गाणाऱ्याचे तास मोजायचे नाहीत, हे कसे?

शासनाची वृद्ध साहित्यिक-कलावंतांसाठी मानधनाची योजना १९५० च्या दशकापासून आहे. २०२४ पासून ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि दरमहा ५००० रुपये मिळतात. विठाबाईंच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कारही आहे. या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु मानधनासाठी वय लागते आणि कलावंत असल्याचा पुरावा लागतो. गळा मात्र वयाची अट पाळत नाही. तो चाळिशीतच जातो. आणि मागे उभे राहून सूर धरणाऱ्याचे नाव ना जाहिरातीच्या कागदावर असते, ना वर्तमानपत्रात. तो पुरावा आणणार कुठून?

म्हणून कामाला लागायचे तर छोट्या गोष्टींपासून लागता येईल. जयंती समित्यांनी गायकाची बिदागी ठरवताना एका रात्रीत एकच कार्यक्रम, ही अट स्वतःवर घालून घ्यावी. ज्याचा आवाज गेला आहे, त्याला पाहुणा म्हणून शाल देण्याऐवजी मुलांना चाली शिकवण्याचे काम द्यावे आणि त्याचे पैसे द्यावेत. आमच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी लोकसाहित्याच्या नावाखाली गाणी गोळा करताना गाणाऱ्याचे पूर्ण नाव लिहावे, ढोलकीवाल्याचे आणि झीलकऱ्याचेही लिहावे, आणि दोन प्रश्न जरूर विचारावेत: तुम्ही गाणे कधी थांबवले? थांबवल्यावर घर कोणी चालवले? ही उत्तरे नोंदलेली नाहीत, तोवर लोकसंगीताची आपली समीक्षा अर्धीच राहणार. उरलेला अर्धा भाग ज्यांना ठाऊक आहे, ते अजून आपल्या गावांत आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांचा आवाज बसलेला आहे, म्हणून आपल्यालाच जवळ जाऊन ऐकावे लागेल.